पाण्याला कुंपण नसते

चिलीच्या चिलोए बेटाजवळील सागरी पिंजऱ्यांत २००७ साली सॅमन मासे मरू लागले, तेव्हा तेथील मत्स्यव्यवसाय भरभराटीत होता. रोग नवा नव्हता. सॅमनचा हा सांसर्गिक रक्तक्षय नॉर्वेने १९८४ मध्येच पाहिला होता. तरीही चिलीतील अटलांटिक सॅमनचे उत्पादन २०१० पर्यंत जवळजवळ एकतृतीयांशावर आले आणि हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला.

दोष केवळ विषाणूचा नव्हे. पिंजरे दाटीने उभे होते. निरनिराळ्या वयाचे मासे एकाच खाडीत वाढत. नौका व जाळी इकडून तिकडे फिरत. आजारी माशाच्या अंगावाटे पाण्यात उतरलेला विषाणू प्रवाहाबरोबर शेजाऱ्याच्या पिंजऱ्यात पोहोचे. मालकीची हद्द पाण्याला ठाऊक नसते.

म्हणूनच पुढे चिलीने शेजारच्या पिंजऱ्यांचे गट पाडले आणि गटातील सर्वांनी ठरल्या वेळी मासे काढून पाणी तीन महिने मोकळे ठेवावे, असा दंडक घातला. नॉर्वेने लसीकरणाची कास धरली. १९८७ च्या सुमारास तेथे वर्षाला सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली जात. दहा-बारा वर्षांत तो वापर एका टनाच्या आसपास आला, उत्पादन मात्र वाढतच गेले.

आपल्याकडेही धरणांच्या जलाशयांत मत्स्यपालनाचे पिंजरे दिसू लागले आहेत. परवाने देताना एकेका पिंजऱ्याचा नव्हे, सबंध जलाशयाचा विचार व्हावयास हवा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय येथे परवडणारी नाही.