हारतुऱ्यांपलीकडचे ऋण

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून चालत आलेल्या या दिवशी निधी गोळा होतो, गावोगावच्या माजी सैनिकांना शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. पण दुसऱ्याच दिवशी निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी त्यांपैकी एखाद्याला कचेरीच्या दारात ताटकळावे लागले, तर आदल्या दिवशीचा एकही वक्ता त्याच्यासोबत नसतो. समारंभ आणि कृतज्ञता यांतील अंतर ते हेच.

सैन्यात जातो कोण? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने तेथे त्यांचा स्मृतिस्तंभ उभारला. ते युद्ध साम्राज्याचे होते, शेतकऱ्याच्या मुलांचे नव्हते. परंतु त्यांचे मरण खरे होते आणि मागे उरलेल्या घरांचे दुःखही खरे होते. कोरडवाहू तुकडा भावाभावांत पुरत नाही म्हणून भरतीच्या रांगेत उभा राहणारा तरुण हा कष्टकरी वर्गाचाच मुलगा आहे. युद्धखोरीला विरोध करणाऱ्यांनी सैनिकाबद्दल बोलण्यास संकोच करावा, हे म्हणूनच अनाकलनीय आहे. या संकोचामुळे सैनिकाचे नाव युद्धाचे नगारे बडवणाऱ्यांच्या हाती आयते पडते.

कृतज्ञतेची पहिली कसोटी घरातच लागते. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून शिपाई चाळिशीच्या आत परततो. तोवर मनीऑर्डरवर घर चालवून शेत राखले ते त्याच्या पत्नीने. तिचे ऋण सत्काराच्या वेळी कोणालाच आठवत नाही. आणि तो परतलाच नाही, तर सातबाऱ्यावर तिचे नाव लागू नये म्हणून धडपडणारे पुष्कळदा घरचेच असतात. सरकारचा न्यायही काही निराळा नव्हता. शौर्यपदकविजेत्या सैनिकाच्या विधवेने पुनर्विवाह केल्यास पदकाचा भत्ता बंद होई. दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केले तरच तो चालू राही. ही लाजिरवाणी अट रद्द व्हायला २०१७ साल उजाडावे लागले.

‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही मागणीही कित्येक दशके लोंबकळत राहिली. १४ ऑगस्ट २०१५ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, दिल्लीत जंतर मंतरवर धरणे धरून बसलेल्या वृद्ध माजी सैनिकांना हटविण्यासाठी पोलिसांनी बळ वापरले. आदेश निघाला तो नोव्हेंबरमध्ये. पुढे २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्या मूळ अटींनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना कायम करावयाचे. उरलेल्यांना एकरकमी सेवानिधी, पण निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. गिरणीतील बदली कामगाराचे जिणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या व्यवस्थेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कार्यकर्त्यांसमोरील काम साधे आहे. गावातील माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची यादी करावी. कोणाचे निवृत्तिवेतन अडले आहे, कोणाची वारसनोंद राहिली आहे, हे घरी जाऊन विचारावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्यांच्यासोबत चालत जावे. त्यांनी जे पाहिले ते शांतपणे ऐकावे. युद्धाची किंमत त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते आणि शांततेच्या चळवळीला त्यांच्याहून विश्वासार्ह साक्षीदार मिळणार नाही. सैनिकाने समाजाकडे भीक मागितलेली नाही. त्याचा हक्क त्याच्या पदरात पडेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहणे, हीच खरी कृतज्ञता होय.