वकीलसाहेबांकडे हिशेब मागायला संकोच कशाला?

मैत्रिणींनो, किराण्याच्या यादीत दोन रुपये जास्त लागले तरी आपण दुकानदाराला पुन्हा बेरीज करायला लावतो. पण वकीलसाहेबांना हिशेब विचारायचा म्हटलं की जीभ रेटत नाही. ‘एवढे शिकलेले गृहस्थ, त्यांना कसं विचारायचं?’ अपघाताची भरपाई, थकलेली पोटगी, जमिनीचा मोबदला असे पैसे पुष्कळदा वकिलामार्फतच हाती येतात. एखादीची ती जन्माची शिदोरी असते. तेव्हा संकोच आधी बाजूला ठेवा.

हिशेब मागणे हा तुमचा हक्कच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवलाच पाहिजे. त्यात फी किती आणि खर्चासाठी किती, हे वेगळे दाखवावे लागते. खटला चालू असताना खर्चाचे पैसे तुमच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत. तुमच्यासाठी रक्कम आली की ती लवकरात लवकर कळवायची. मागितल्यास हिशेबाची नक्कल द्यायची. नकलेचा खर्च तेवढा तुमचा. ‘सध्या वापरतो, मग व्याजासकट देतो’ असे म्हणून ते पैसे कर्जाऊ ठेवून घ्यायचीही मुभा नाही.

हे नियम नुसते कागदावर नाहीत बरं का! उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीच्या एका वकिलाने १९८७ साली अशिलाच्या जमिनीचे ८,११८ रुपये कोर्टातून काढले आणि त्याला कळवलेसुद्धा नाही. तक्रार होताच समेट झाल्याचे बनावट प्रतिज्ञापत्र पुढे केले. बार कौन्सिलने तीन वर्षे वकिली बंद केली. सर्वोच्च न्यायालयाला तीही शिक्षा अपुरी वाटली. २००२ साली त्याचे नाव वकिलांच्या यादीतूनच काढून टाकले गेले.

तक्रार करायची कुठे? आपल्याकडच्या वकिलांसाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल मुंबईत आहे. अर्ज मराठीत चालतो. सही व सत्यापन मात्र हवे. पावत्या, बँकेचा उतारा, पत्रे यांच्या नकला जोडा. तक्रारीत तथ्य दिसले तर शिस्तपालन समिती चौकशी करते. वर्षभरात निकाल झाला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. मध्येच तडजोड झाली, एवढ्यावरून चौकशी बंद होत नाही. शिक्षा म्हणजे ताकीद, काही काळ वकिली बंद किंवा यादीतून नाव कमी.

मात्र सनद गेली म्हणून पैसे आपोआप घरी येत नाहीत. वसुलीसाठी दिवाणी दावा करावा लागतो. अपहार असेल तर पोलिसांतही जाता येते. मुदत टळू देऊ नका. खर्चाची धास्ती नको. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

आणि मुळात काळजी घ्या. वकीलपत्रात पैसे काढण्याचा अधिकार दिला आहे का, ते वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही नको. दर वेळी पावती मागा. भरपाई शक्यतो स्वतःच्या खात्यात जमा करण्याची विनंती कोर्टाला करा. चोख वकिलाला हिशेब मागितल्याचा राग येत नाही.