कॅमेरा सावरतो, बोटांचे काय?

स्पितीच्या खोऱ्यातले किब्बर गाव, फेब्रुवारीतली पहाट. उंची सुमारे ४,२०० मीटर, पारा शून्याखाली २० अंश. समोरच्या कड्यावर हिमबिबट्या असल्याची खूण वाटाड्या करतो आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या हौशी छायाचित्रकारांची धांदल उडते. रात्रभर चार्ज केलेली बॅटरी थोड्याच छायाचित्रांनंतर मान टाकते. जाड हातमोज्यांत बॅटरीचे झाकण काही उघडत नाही. मग हातमोजे दाताने ओढून काढले जातात, नवी बॅटरी बसते, आणि पुढचा अर्धा तास उघडी बोटे थंडगार धातूवर तशीच राहतात. संध्याकाळी गप्पा रंगतात त्या बॅटरीने ऐनवेळी दिलेल्या दग्याच्या. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके सकाळपासून बधिर आहेत, याचा विषयही निघत नाही.

हे चित्र दरवर्षी हिवाळ्यात लडाख, स्पिती, गुलमर्ग अशा ठिकाणी कुठे ना कुठे दिसते. पूर्वी गिर्यारोहक आणि जवान यांच्यापुरता असलेला हा गारठा आता सहलीच्या जाहिरातीत आला आहे. जाणाऱ्यांच्या सामानाच्या यादीत जादा बॅटऱ्या, लेन्स पुसायचे कापड, पावसाळी आवरण असे सगळे असते. कॅमेऱ्याची काळजी घेण्यात गैर काही नाही. पण क्रम चुकतो आहे. कॅमेरा थंडीत रुसतो, सहसा मोडत नाही. ऊब मिळाली की पुन्हा चालू लागतो. हाताचे नेमके उलटे आहे. तो तक्रार करायचे थांबवतो, तेव्हाच त्याला खरी इजा होऊ लागलेली असते.

आधी कॅमेऱ्याकडे पाहू. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा छापलेली असते. काही महागडे कॅमेरे उणे १० अंशांपर्यंत हमी देतात. त्याखालीही ते बहुधा चालतात, पण अडखळत. त्यातला सर्वांत हळवा भाग म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका द्रवातून इकडून तिकडे सरकतात. थंडीत खोबरेल तेल थिजते, तसा हा द्रव दाट होत जातो. आयनांची चाल मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्याला लागणारा दाब तिला टिकवता येत नाही. कॅमेरा समजतो की बॅटरी संपली, आणि बंद पडतो. प्रत्यक्षात आतला बराचसा साठा शिल्लक असतो. तीच बॅटरी अर्धा तास आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवली, तर पुन्हा काम देते. म्हणून थंडीत दोन-तीन बॅटऱ्या आळीपाळीने वापरणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे. खरे नुकसान होते ते गोठलेली बॅटरी लगेच चार्जरला लावल्याने. शून्याखालच्या तापमानात चार्ज करताना लिथियम आत शिरण्याऐवजी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते. त्याने बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि ती धोकादायकही होऊ शकते. खोलीच्या तापमानाला आल्यावरच ती चार्ज करावी.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक थंडीत सुस्तावतात, त्यामुळे चित्र रेंगाळत उमटते. लेन्समधले वंगण घट्ट होते. श्वासाची वाफ दृश्यदर्शकावर गोठते. ऊब परतली की हे सगळे आपोआप सुरळीत होते.

आता हात. गारठ्यात शरीराचा पहिला प्रयत्न असतो तो हृदय आणि मेंदू उबदार ठेवण्याचा. त्यासाठी ते हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळते. एकंदर शरीरासाठी हे शहाणपणाचे असले, तरी बोटांच्या दृष्टीने ती रसद तोडणेच असते. बोटे सडपातळ आहेत. आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा, आणि उष्णता निर्माण करणारे स्नायू त्यांच्यात जवळजवळ नाहीत. हाताच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले की बारीक कामातली सफाई जाते. बटण नीट दाबले जात नाही, कार्ड हातातून निसटते. तापमान आणखी उतरून एक आकडी झाले की स्पर्श आणि वेदना कळेनाशा होतात. शून्याच्या किंचित खाली त्वचा गोठू लागते. म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारी वेदना प्रत्यक्ष धोक्याच्या आधीच गप्प झालेली असते. ‘आधी बोटे दुखत होती, आता काही वाटत नाही,’ असे कुणी समाधानाने सांगू लागले, तर ती समाधानाची गोष्ट नसते.

त्यात कॅमेरा हाती असणे ही वेगळीच भर. अनेक चांगल्या कॅमेऱ्यांचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आणि ट्रायपॉडचे पाय अ‍ॅल्युमिनियमचे असतात. अ‍ॅल्युमिनियम प्लास्टिकच्या जवळजवळ हजारपट वेगाने उष्णता वाहून नेते. उणे २० अंशांची हवा आणि उणे २० अंशांचा धातू यांचे तापमान सारखेच. पण बोटातली ऊब धातू झपाट्याने ओढून घेतो. स्कॉटच्या मोहिमेबरोबर १९११मध्ये अंटार्क्टिकात पोहोचलेले छायाचित्रकार हर्बर्ट पॉन्टिंग यांनी एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. फोकस जुळवताना त्यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तिथेच चिकटली. ती सोडवताना टोकाची त्वचा कॅमेऱ्यावरच राहिली. शंभर वर्षांत फिल्मची जागा सेन्सरने घेतली, तरी धातू आणि त्वचा यांचे नाते तेच आहे.

वाऱ्याचा हिशेबही दोघांना वेगवेगळा लागू होतो. हवेचे तापमान उणे १५ अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी उणे २६ अंशांइतकी असते. कॅमेरा वाऱ्यात लवकर गार होईल, पण त्याचे तापमान हवेच्या तापमानाखाली जाणार नाही. जिवंत त्वचा मात्र सतत ऊब तयार करत असते आणि वारा ती सतत पळवत असतो. शिवाय लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. किब्बरला तो आणखी कमी. विरळ हवेत शरीराची ऊब राखण्याची ताकद घटते आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा विवेकही मंदावतो. समोर हिमबिबट्या असेल, तर तो विवेक आधीच रजेवर गेलेला असतो.

डोळ्यांकडे तर त्याहून कमी लक्ष जाते. बर्फाच्या पांढऱ्या पसाऱ्याने कॅमेरा फसतो आणि छायाचित्र काळपट काढतो. एक-दोन स्टॉप एक्स्पोजर वाढवले की भागते. पण दृश्यदर्शकाला डोळा लावायचा म्हणून गॉगल कपाळावर सरकवला जातो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. उंची दर हजार मीटरने वाढते तसे अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत डोळ्यांवर फेकतो. परिणाम दिसतो काही तासांनी, रात्री मुक्कामी परतल्यावर: डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, पाणी, उजेड सहन न होणे. हे हिमांधत्व एक-दोन दिवसांत बहुधा ओसरते, पण ते दोन दिवस फार त्रासाचे असतात.

कॅमेरा आणि हात यांच्यातला सर्वांत मोठा फरक मात्र मुक्कामावर परतल्यानंतर दिसतो. बर्फातून आणलेला कॅमेरा थेट बुखारीच्या खोलीत उघडला, तर उन्हाळ्यात फ्रीजबाहेर काढलेल्या बाटलीला सुटतो तसा त्याला घाम सुटतो. खोली २० अंशांवर असेल आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर साधारण ६ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरते. ते लेन्सच्या आत, सर्किटवर, कुठेही धरू शकते. बाहेरच्या थंडीपेक्षा या ओलाव्याने कॅमेऱ्याचे जास्त नुकसान होते. म्हणून बॅटरी आणि मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्यावे, कॅमेरा झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि मगच आत आणावा. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते. एक-दोन तास पिशवी उघडू नये. याच कारणाने दिवसभरात कॅमेरा जॅकेटच्या आत घालून उबवण्याचा मोहही टाळावा. तिथे घामाचा दमटपणा असतो.

हाताला हा नियम लावला तर घात होईल. गोठलेल्या बोटांना ‘येतील हळूहळू ताळ्यावर’ म्हणून सोडून देणे चूक, आणि बुखारीवर शेकणे त्याहून मोठी चूक. बधिर बोटाला चटका कळत नाही आणि ते भाजते. बोटे चोळणे, त्यावर बर्फ घासणे हे जुने उपाय गोठलेल्या पेशींना आणखी फाडतात. नुसता बधिरपणा असेल, तर बोटे काखेत धरावीत. काही मिनिटांत झिणझिण्या येऊन संवेदना परतते. त्वचा कडक, मेणासारखी लागत असेल, तर तो हिमदंश समजावा. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही, म्हणून नजरेपेक्षा स्पर्शावर विसंबावे. अंगठ्या लगेच काढाव्यात. हात ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि डॉक्टरकडे जावे. वाटेत बोटे पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत पाण्यात घालू नयेत; एकदा सुटून पुन्हा गोठलेल्या बोटाचे नुकसान कितीतरी जास्त असते. बोटाचा किती भाग वाचला, हे कळायला कधीकधी काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

हे टाळणे अवघड नाही, पण त्याची तयारी घरूनच व्हायला हवी. आत पातळ मोजे आणि वर जाड, उघडझाप करता येणारे हातमोजे अशी जोडी घ्यावी. ती घालूनच बॅटरी आणि कार्ड बदलण्याचा सराव घरी आठवडाभर करावा. पुण्यातल्या उकाड्यात हे हास्यास्पद वाटले तरी चालेल. ट्रायपॉडच्या पायांवर फोमची पट्टी गुंडाळावी. कॅमेऱ्याच्या मांडण्या बाहेर पडण्यापूर्वीच लावून ठेवाव्यात. दर दहा मिनिटांनी बोटांच्या टोकांना चिमटा काढून पाहावा. तो जाणवला नाही तर समोर काहीही असो, छायाचित्रण थांबवावे. मधुमेहाने हातापायांची संवेदना कमी झालेल्यांनी, थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्या रेनॉड विकाराच्या रुग्णांनी, हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सिगारेट रक्तवाहिन्या आणखी आवळते. ‘ऊब येते’ म्हणून घेतलेले मद्य त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढवून शरीराची ऊब बाहेर सांडते. वाटते ती ऊब फसवी असते.

जबाबदारी फक्त पर्यटकाची नाही. छायाचित्रण सहली काढणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या मॉडेलबरोबर प्रवाशाच्या हातांची चौकशीही अर्जात करायला हवी. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस उंचीची सवय होण्यासाठी राखून ठेवायला हवेत. बाहेर किती वेळ थांबायचे हे बिबट्याने नव्हे, वाऱ्याने आणि पाऱ्याने ठरवावे. आणि ‘परत चला’ म्हणण्याचा अधिकार वाटाड्याला स्पष्ट शब्दांत द्यावा. नाहीतर पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला तो कसा थांबवणार? पाहुण्यांच्या हट्टापायी त्याचेही हात तितकाच वेळ गारठ्यात असतात, आणि त्याच्यासाठी तो हंगामातला रोजचाच दिवस असतो.

कॅमेऱ्याला किती थंडी सोसते, हे कंपनी छापून देते. हाताबरोबर अशी पुस्तिका येत नाही, आणि बधिर झाल्यावर तो स्वतःही काही सांगत नाही. म्हणून यंदा हिवाळी सहलीची बॅग भरताना यादीच्या पहिल्या ओळीत हातमोजे लिहावेत. जादा बॅटऱ्या त्याखाली.