अनुदान गोळ्यांना नको, दहा मीटरच्या जागेला द्या



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे नाव घरोघरी पोहोचले. सरावाच्या गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढल्याची हकिगतही तेव्हा बहुतेक वर्तमानपत्रांत छापून आली. तेव्हापासून ग्रामीण मुलांना नेमबाजीच्या गोळ्या सवलतीत द्याव्यात, ही मागणी वरचेवर ऐकू येते. मागणीमागचा हेतू चांगला आहे, पण तिचा नेम चुकतो आहे. मांडवगण फराटा, इनामगाव, तांदळी, वडगाव रासाई या आमच्या शिरूर तालुक्यातल्या पट्ट्यातील मुलाला नेमबाजी परवडत नाही ती मुख्यतः गोळीच्या भावामुळे नव्हे. सराव कुठे करायचा आणि कसा करायचा, याचीच इथे सोय नाही. शिवछत्रपती क्रीडानगरीची रेंज बालेवाडीला. जाऊन यायचे तर शाळेचा एक दिवस मोडतो आणि सोबत येणाऱ्या पालकाचा रोजही बुडतो. गोळ्या फुकट दिल्या तरी हा खर्च तसाच राहतो.

कुसाळेचा प्रकार पॉइंट टू टूच्या काडतुसांचा आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. या काडतुसात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. ती कड ठोक्याने चेपते, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरून वापरण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय शस्त्रपरवाना आलाच. एअर रायफलचे तसे नाही. साडेचार मिलिमीटर छिद्राच्या, वीस ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या रायफलला परवाना लागत नाही, तिचा शिशाचा छर्रा काडतुसाच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतो आणि अंतर लागते फक्त दहा मीटर. तेवढी लांबी शाळेच्या कुठल्याही पडवीत निघते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये जगज्जेता झाला तो याच दहा मीटरच्या प्रकारात. तेव्हा हा दुय्यम खेळ आहे, असे कोणी समजू नये.

आता बचतीचा हिशेब. छर्ऱ्यांचे भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून पाचशेचा एक असे डबेच मोजू. आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी साठ छर्रे उडवणाऱ्या मुलाला वर्षाच्या पन्नास आठवड्यांत अठरा डबे लागतात. साठातले चाळीस नेम त्याने छर्रा न भरता धरले, तर सहा डब्यांत भागते. वीस मुलांच्या गटाला हा फरक दोनशे चाळीस डब्यांचा पडतो आणि एवढी सूट कोणतेही अनुदान देणार नाही. छर्रा न भरता धरलेल्या या नेमाला नेमबाज ‘ड्राय’, म्हणजे कोरा सराव म्हणतात. त्यात काटकसरीपलीकडचाही फायदा आहे. छर्रा सुटला की मुलाचे लक्ष थेट कागदावरच्या भोकाकडे जाते. रिकाम्या बंदुकीत पाहायला भोकच नसते. चाप सुटताना पुढची माशी किती हलली, श्वास कुठे अडकला, खांदा कुठे उचलला गेला, एवढेच दिसते. नवशिक्याचे गुण जातात तेही याच जागी.

मात्र इथे एक मेख आहे आणि अनुदानवाल्यांच्या ती गावीही नसते. गावात मिळते ती बहुधा नळी मोडून स्प्रिंग चढवायची बंदूक. ती छर्ऱ्याशिवाय उडवली तर आतला दट्ट्या हवेच्या गादीविना आदळतो आणि बंदूक लवकरच निकामी होते. म्हणजे दोन पैसे वाचवायला जाऊन हजारोंचे नुकसान. अशा बंदुकीवर स्प्रिंग न चढवता नुसता नेम धरून उभे राहावे. चापाचा सराव तिच्यावर होत नाही. तो हवा असेल तर कोऱ्या चापाची सोय असलेली, दाबलेल्या हवेवर चालणारी एक तरी स्पर्धेची रायफल शाळेकडे हवी. ती एका घराला झेपणारी नाही, वीस मुलांत मात्र वाटून घेता येते.

स्वस्तातले छर्रे घ्या, हा सल्लाही सरसकट देता येत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. घेर चेपलेला छर्रा भरकटला, की मूल नसलेली चूक दुरुस्त करत बसते. पहिल्या वर्षी ओपन साइटवर, म्हणजे साध्या उघड्या नेमपट्टीवर, साधे छर्रे चालतील, पण डबा ताटात ओतून चेपलेले दाणे बाजूला काढावेत. पुढे चांगले छर्रे घ्यावेत, सगळ्या गटासाठी एकाच लॉटचे, एकदम.

छर्रा न उडवता नेमबाज घडतो का, असा आक्षेप येईल. नुसत्या कोऱ्या सरावावर घडत नाही, हे मान्य. स्पर्धेच्या तोंडावर साठच्या साठ छर्रे उडवावेच लागतात. वाचवलेले डबे त्यासाठीच आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलांच्या हाती बंदुका आल्या की पाखरे मरतील. मोराची चिंचोली आमच्याच तालुक्यात आहे. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो आणि ही भीती निराधार नाही. पण बंदूक घरोघरी जाण्याचा धोका छर्ऱ्यांच्या अनुदानात जास्त आहे, कारण सवलतीचा डबा घरीच जातो. शाळेच्या रेंजवर बंदूक कुलपात, छर्रे क्रीडाशिक्षकाच्या नोंदवहीत मोजून दिलेले, मागे शिसे अडवणारी पेटी आणि डोळ्यांना चष्मा. पेटीतले शिसे भंगारात विकले जाते, ते हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या गावाला हे चोचले कशाला, असेही कोणी म्हणेल. चोचले म्हणावे तर कुस्तीच्या तालमीलाही म्हणावे लागेल, आणि तालमीला आपण कधी हिशेब विचारला नाही. क्रीडा खात्याने आणि जिल्हा परिषदेने शिरूर-दौंडच्या भीमाकाठी निदान एका माध्यमिक शाळेत चार लेनची दहा मीटर रेंज, एक चांगली रायफल आणि एक प्रशिक्षित शिक्षक एवढे द्यावे. शालेय स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गट असतोच. सुरुवात तिथून करता येईल. छर्ऱ्यांचे पैसे गावातले पालक वर्गणी काढून भरू शकतील.

— एक वाचक, मांडवगण फराटा (ता. शिरूर, जि. पुणे)