शंखातला भाडेकरू



मागच्या सुट्टीत आमच्या ठाकुर्लीचा एक विद्यार्थी गिरगाव चौपाटीहून सुरेख शंख घेऊन आला. दोन दिवसांनी डब्याला वास सुटला. "बाई, यात कुणीतरी राहत होतं हो!" तो अगदी रडवेला झाला.

आत होता एक छोटा खेकडा. त्याचं पोट मऊ असतं. म्हणून तो समुद्री गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो. अंग वाढलं, की मोठा शंख शोधतो. म्हणजे आपण रिकामा शंख उचलला, तरी कुणाचं तरी घर जातं!

पाठीचा कणा नसलेल्या अशा जिवांना अपृष्ठवंशी प्राणी म्हणतात. जगातल्या दर १०० प्राणिजातींपैकी सुमारे ९५ जाती यांच्याच! मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर समुद्रफुलं, कालवं, ऑक्टोपससुद्धा दिसतात. २०१७ साली सुरू झालेला 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट ओहोटीच्या वेळी लोकांना ते दाखवतो, फोटो काढून नोंदी ठेवतो.

तुम्हीही मोठ्या माणसांबरोबर ओहोटीला जा. वही-पेन्सिल न्या. बघा, मोजा, चित्र काढा. दगड उचललात, तर होता तसाच हळूच ठेवा.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वहीत आता पाच चित्रं आहेत. डब्यात मात्र एकही शंख नाही!

तुमच्या बाई