'ऑरेंज' म्हणजे संत्रे नव्हे

मराठी ही नेमकेपणाची भाषा नाही, असे म्हणणाऱ्यांचा एक वर्ग अलीकडे फार बळावला आहे. या वर्गाचे आवडते उदाहरण म्हणजे एखाद्या वस्तूत काय आहे हे सांगणारी इंग्रजी क्रियापदे. 'होल्ड' निराळे, 'कन्टेन' निराळे, 'कन्सिस्ट' निराळे, 'कम्प्राइझ' त्याहून निराळे; आणि मराठीजवळ काय, तर एक बिचारे 'आहे'! एवढे बोलून ही मंडळी विजयी मुद्रेने आपल्याकडे पाहतात. त्यांचे म्हणणे आम्हांला चुकीचे वाटते, आणि काटोल-नरखेडच्या संत्राबागायतदाराच्या दृष्टीने ते घातकही आहे. व्याकरणाच्या वादात बागायतदार कोठून आला, असे वाचक विचारतील. तो कसा येतो हेच सांगायचे आहे.

आधी व्याकरणाचे मिटवू. 'तांब्यात लिटरभर पाणी मावते' आणि 'तांब्यात लिटरभर पाणी आहे' या दोन वाक्यांत मराठी माणसाची कधी गल्लत होत नाही. पहिले तांब्याच्या आकाराविषयी आहे, दुसरे आतल्या पाण्याविषयी. इंग्रजीतले 'होल्ड' ही दोन्ही कामे करते आणि कोणते काम चालू आहे हे संदर्भावरून ओळखायला लावते. शिवाय आपल्याकडे सामावणे आहे, भरणे आहे, युक्त, मिश्रित, विरहित ही शेपटे आहेत, गर, रस, अर्क, अंश हे सगळे आहे. शब्द आहेत, ते कोठे छापले जात नाहीत, हे दुखणे वेगळे.

आता बागेकडे वळू. काटोल तालुक्यात जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून जे झाड वाढवतात, ज्याचा आंबिया बहार दिवाळीनंतर उतरतो आणि मृगबहार शिमग्याच्या सुमारास, ते फळ म्हणजे संत्रे. सैल सालीचे, हाताने सोलता येणारे, फोडी सुट्या होणारे. वनस्पतिशास्त्रात ते सिट्रस रेटिक्युलाटा. मोसंबी हे सर्वस्वी वेगळे फळ. साल घट्ट, सुरीवाचून सुटत नाही. शास्त्रज्ञ तिला सिट्रस सायनेन्सिस म्हणतात. माल्टा तिच्याच कुळातला. नागपूरच्या बाजारातले शेंबडे पोरही संत्रे आणि मोसंबी यांत घोटाळा करणार नाही. इंग्रजी मात्र बिनदिक्कत करते. भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत २०१४ साली आमचे संत्रे दाखल झाले ते 'नागपूर ऑरेंज' म्हणून, आणि २०१६ साली जालन्याची मोसंबी दाखल झाली ती 'जालना स्वीट ऑरेंज' म्हणून. दोन निराळी फळे, आडनाव एकच. इंग्रजीत 'मँडरीन' हा शब्द आहे, आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ तो कटाक्षाने वापरतात. पण जाहिरातदार शास्त्रज्ञांचे निबंध वाचून बाटल्या रंगवत नाहीत.

तो काय करतो? जगातल्या कारखान्यांत 'ऑरेंज ज्यूस' या नावाने जे द्रव्य तयार होते, ते जवळजवळ सगळे सायनेन्सिसचे, म्हणजे मोसंबी-माल्ट्याच्या गोत्राचे असते. ब्राझीलमधील साव पावलो प्रांत त्याचे माहेरघर. तेथे रस आटवून घट्ट केला जातो, पिंपांत भरून जगभर जातो आणि ज्या त्या गावी पाणी घालून पुन्हा पातळ केला जातो. याची जाहिरात मराठीत करताना भाषांतरकार 'ऑरेंज'चे 'संत्रे' करतो, आणि चित्रकार बाटलीवर एक रसरशीत अर्धगोल कापून ठेवतो. काटोलचा शेतकरी ते चित्र पाहतो आणि ते आपलेच फळ आहे असे त्याला वाटते. तसे वाटण्यात त्याचा काय दोष? त्याच्या भाषेत त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही.

हा गैरसमज फुकटचा नाही. नागपुरी संत्रे हे मुळात सोलून खाण्याचे फळ. त्याचा रस काढून ठेवला की लिमोनिनमुळे काही वेळाने कडवट होतो, बियाही पुष्कळ, म्हणून मोठे कारखानदार त्याच्यापासून दूर राहत आले. झाडावरची चांगली फळे व्यापारी नेतो. लहान आकाराची, जिला इकडे 'चुरी' म्हणतात, ती मातीमोलाने जाते किंवा बांधावर सडते. बांगलादेशाने आयातशुल्क चढवत नेल्यापासून चांगल्या फळांचीही तीच रड. अशा वेळी चुरीला एकच आधार संभवतो, तो म्हणजे रस. सप्टेंबर २०१४ मध्ये पंतप्रधानांनी तुमकूर येथे शीतपेयवाल्यांना पाच टक्के फळांचा रस मिसळण्याचे आवाहन केले, तेव्हा विदर्भात आशा पालवल्या नसत्या तरच नवल. पण 'ऑरेंज'चा पाच टक्के रस म्हणजे कोणाचा रस, हा प्रश्न तेव्हा मोठ्याने विचारायला हवा होता. संत्र्याचा, की साव पावलोच्या पिंपातला? इंग्रजी शब्द दोघांनाही सारखाच लागू पडतो, आणि त्याच्या आडोशाने कोणताही रस घालता येतो.

येथे नेमकेपणाचे भक्त म्हणतील की, लेबलवरचे इंग्रजी वाचा, त्यात सगळे स्पष्ट लिहिलेले असते. खरे आहे, असते. 'फ्रूट ज्यूस' म्हणजे एक, 'फ्रूट ड्रिंक' म्हणजे दुसरे. दुसऱ्यात शेकडा १० रस असला की भागते, लिंबाच्या बाबतीत तर ५ असला तरी चालतो. 'स्क्वॉश'मध्ये २५ हवा. आणि ज्या नारिंगी, फसफसणाऱ्या पाण्यात फळाचा थेंबही नाही त्यावर बारीक अक्षरांत 'कन्टेन्स नो फ्रूट' ही कबुलीही सापडते. पण हा काटेकोरपणा इंग्रजी भाषेचा गुण आहे काय? 'ड्रिंक' या शब्दाच्या पोटात दहा टक्के कोठे लिहिले आहेत? ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत लिहिले आहेत. कायद्याने एका ढिल्या शब्दाला खुंटीला बांधले, एवढेच. तोच कायदा उद्या 'रसपेय' या शब्दाला बांधू शकतो. उलट कायदा झोपला की इंग्रजीही झोपते: आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयावर वर्षानुवर्षे '१०० टक्के फ्रूट ज्यूस' असे छापले जात होते, आणि ते काढून टाका असे प्राधिकरणाने फर्मावले ते थेट जून २०२४ मध्ये.

आणि हे सगळे कोणत्या भाषेत? नियम सांगतो की लेबलवरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा. इतर भाषा हवी तर जोडीला छापावी. म्हणजे मराठी ऐच्छिक. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानाची पाटी मराठीत लावणे बंधनकारक झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. पण त्या मराठी पाटीखालच्या दुकानात, बाटलीत काय आहे हे मराठीत सांगण्याचे बंधन कोणावर नाही. ऐच्छिक मराठी मग कोठे अवतरते? जाहिरातीत. तेथे ती 'संत्र्याचा' म्हणून येते, आणि हा 'चा' प्रत्यय मोठा सोयीचा आहे. संत्र्याचा रस, संत्र्याचा रंग, संत्र्याचा वास, संत्र्याची गोळी: संत्र्यापासून केलेले, संत्र्यासारखे दिसणारे, संत्र्याच्या नुसत्या आठवणीवर चालणारे, सर्वांना एकच प्रत्यय. बोलताना तो पुरतो, कारण गोळीत फळ नाही हे पोरालाही ठाऊक असते. विकताना तो पुरत नाही. तेथे 'संत्र्याच्या स्वादाचे' असे म्हणणे मराठीत सहज शक्य असते, आणि नेमके तेच टाळले जाते. इंग्रजी बारीक अक्षरांत खरे बोलते आणि मराठी ठळक अक्षरांत खोटे. अशी कामाची वाटणी कोणी केली? भाषेने तर नाही.

तामिळनाडूने काय केले ते आठवावे. मार्च २०२३ मध्ये दह्याच्या पिशवीवर 'दही' हा शब्द घाला असा आदेश निघाला, तेथे गहजब झाला, आणि काही दिवसांतच प्राधिकरणाला 'कर्ड' या शब्दासोबत 'तयिर', 'मोसरू' अशी स्थानिक नावे छापण्याची मुभा द्यावी लागली. आतले दही बदलले नाही, पण पिशवीवर आपल्या अन्नाला आपल्या नावाने ओळखण्याचा हक्क त्यांनी मिळवला. आमच्याकडे 'ऑरेंज'च्या कंसात 'मोसंबी' लिहा की 'संत्रे' लिहा, हा प्रश्न कोणत्या साहित्य संमेलनाच्या ठरावात आलेला आम्हांला तरी स्मरत नाही. ठरावांना बेळगाव पुरते. ते पुरावेही, पण एखादी ओळ काटोलसाठी ठेवायला हरकत नव्हती.

लेबल मराठीत छापल्याने बाटलीतला रस वाढत नाही, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. वाढत नाही, कबूल. परंतु गिऱ्हाईक 'यात संत्रे किती?' असे आपल्या भाषेत विचारू लागले की कारखानदाराला उत्तर शोधावे लागते, आणि उत्तर शोधता शोधता तो चुरीच्या ढिगापर्यंत पोहोचण्याचा संभव असतो. आज तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण बाटलीवर संत्र्याचे चित्र आहे.

मागणी फार मोठी नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फळपेयावर, चित्राइतक्याच ठळकपणे, फळाचे मराठी नाव आणि त्याचे प्रमाण असावे. संत्रे असेल तर संत्रे, मोसंबी असेल तर मोसंबी, माल्टा असेल तर माल्टा. पूर्ण रसाला रस म्हणावे, दहा टक्क्यांच्या पेयाला रसपेय, आणि ज्यात काहीच नाही त्यावर छापावे: 'यात फळ नाही'. 'कन्टेन्स नो फ्रूट'ला तीन शब्द लागतात. यालाही तीनच.