किनारा आपला, जहाजे कोणाची?

किनारी नौवहन कायदा, २०२५ अन्वये परकीय जहाजास देशांतर्गत मालवाहतुकीसाठी परवाना आवश्यक आहे. मात्र खलाशांचे नागरिकत्व व जहाजाची बांधणी या बाबी महासंचालकांनी केवळ विचारात घ्यावयाच्या आहेत. विचार म्हणजे बंधन नव्हे! परक्याचे जहाज भाड्याने सहज मिळू लागले, तर देशात जहाज बांधवून घेणार कोण?

समुद्रापासून दूरच्या कुंडलला याचे उत्तर ठाऊक आहे. १९१० साली औंध संस्थानाने जागा दिली म्हणूनच कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि विलायती नांगराशी टक्कर देणारा देशी नांगर घडला. राज्याश्रयाविना स्वदेशी उद्योग तगत नाही. भारतीय खलाशी व देशी गोद्या यांचे संरक्षण नियमांतच बंधनकारक झाले पाहिजे. कामगार संघटनांनी ही मागणी नेटाने लावून धरावी.